लेकीला एक वर्ग खाली बसवू नका

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. आम्ही सध्या हैदराबादला असतो. माझ्या मिस्टरांना गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत चांगली जागा मिळाली आहे. सासूबाई गेल्यापासून सासरे ताराबाई पार्कातल्या घरात एकटेच असतात. त्यामुळे येत्या जूनपासून कोल्हापूरला यायचं नक्की झालं आहे. प्रश्न मुलांच्या शाळेचा आहे. मुलगी जूनमध्ये आठ वर्षं पूर्ण करेल, इथल्या वॉल्डॉर्फ शाळेत दुसरीत आहे. मुलगा साडेचार वर्षांचा, तिथेच बालवाडीत जातो. मुलगी छान विणते, रंगवते, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगते. पण इंग्रजी पुस्तक अजून अडखळत वाचते, आणि घरी मराठी बोलत असलो तरी मराठी अक्षरं तिला फारशी येत नाहीत. कोल्हापुरात शोधूनही मला वॉल्डॉर्फ शाळा मिळाली नाही. एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत फोन केला तर ‘चाचणी घेऊ, बहुतेक पुन्हा दुसरीतच बसावं लागेल,’ म्हणाले. एक मैत्रीण म्हणते, मुलांना घेऊन पुण्यात वॉल्डॉर्फ शाळेजवळ राहा, मिस्टर शनिवार-रविवार येतील. दुसरी म्हणते, घरीच शिकव. सासरे म्हणतात, नातीला मराठी शाळेत घाला, सगळं नीट होईल. मला रात्री झोप लागत नाही. आतापर्यंत जे जपलं ते एका फटक्यात जाईल असं वाटतं. काय करू?

– एक आई, हैदराबाद

उत्तर

नमस्कार.

आधी स्पष्ट सांगते, म्हणजे आज रात्री तरी झोपाल. पुण्याला वेगळं बिऱ्हाड करू नका, सगळे मिळून कोल्हापूरला या. मुलीला तिसरीतच घाला. शाळा घराजवळची बघा, शक्यतो मराठी किंवा सेमी-इंग्रजी, आणि प्रवेश घेण्याआधी तिसरीच्या वर्गात स्वतः बसून या. वॉल्डॉर्फमधलं जे तुम्हाला मोलाचं वाटतं त्यातलं थोडं इथे सुटेल, हे मी लपवत नाही. पण बरंचसं सुटणार नाही, आणि एक-दोन गोष्टी कोल्हापुरात हैदराबादपेक्षा जास्त चांगल्या मिळतील.

तुमची मुलगी जिथे शिकली त्या पद्धतीचा उगम थोडक्यात सांगते, कारण बाकीचे वाचक ‘हे वॉल्डॉर्फ काय आहे?’ असं विचारतील. रुडॉल्फ स्टायनर यांच्या विचारांवरची पहिली शाळा १९१९ च्या सप्टेंबरमध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टला सुरू झाली. तिथल्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया सिगारेट कारखान्याचे प्रमुख एमिल मोल्ट यांना आपल्या कामगारांच्या मुलांसाठी शाळा हवी होती, त्यांनी स्टायनरना गळ घातली. शाळेला नाव पडलं ते कारखान्याचंच. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९१७ साली, आपल्या राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला होता. दोन देश, दोन वेगळ्या वाटा, पण कष्टकऱ्याचं पोर शिकलं पाहिजे ही आच दोन्हीकडे होती. आज आपल्या मोठ्या शहरांत वॉल्डॉर्फ शाळा बहुतेक करून चांगल्या पगारदारांच्या मुलांची झाली आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्या मिस्टरांच्या फाउंड्रीतल्या मोल्डरची मुलगी आणि तुमची मुलगी उद्या एका बाकावर बसल्या, तर श्टुटगार्टच्या त्या पहिल्या वर्गापासून तुम्ही फार लांब गेलेल्या नसाल.

आता हिशोब करू. तुमच्या मुलीच्या शाळेत सकाळचा पहिला मोठा तास एकाच विषयाचा असतो आणि तो विषय तीन-चार आठवडे सलग चालतो. बाई गोष्ट तोंडी सांगतात, दुसऱ्या दिवशी मुलं ती आठवून परत सांगतात, मग आपापल्या कोऱ्या वहीत चित्र काढून त्याखाली लिहितात. छापील पाठ्यपुस्तक नसतं, प्रत्येक मुलाची वही हेच त्याचं पुस्तक. एकच वर्गशिक्षक वर्गाबरोबर वर चढत जातो, जमलं तर आठवीपर्यंत. हाताचं काम रोजच्या शिकण्यातच असतं, शनिवारच्या छंदवर्गापुरतं नसतं. यातली ती सकाळ, तो सलग महिनाभराचा विषय, तुम्हाला इथल्या शाळेत मिळणार नाही. इथे पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिका आणि बालभारतीची पुस्तकं असतील. वर्गाबरोबर वर जाणारे शिक्षक मात्र मिळू शकतात. आपल्याकडे कितीतरी मराठी प्राथमिक शाळांत पहिलीचा वर्ग घेतलेल्या बाई चौथीपर्यंत तोच वर्ग नेतात. स्टायनरचं नावही न ऐकता ही रीत चालत आली आहे. शाळेत गेल्यावर हा प्रश्न जरूर विचारा. आणि गोष्ट, हातकाम, सणवार, दिवसाची ठरलेली घडी, पडद्यापासून लांब गेलेलं बालपण, हे सगळं घराच्या हातात आहे.

स्टायनर यांचं अँथ्रोपॉसफी नावाचं एक अध्यात्म-तत्त्वज्ञान होतं आणि सात-सात वर्षांचे टप्पे, मुलांचे चार स्वभावप्रकार हे त्यातून आलेलं आहे. मला ते शास्त्र म्हणून पटत नाही. मुलाच्या मागे घाईचा ससेमिरा लावू नये, हा त्यातून निघालेला वागण्याचा नियम मात्र पूर्ण पटतो. म्हणून म्हणते, नाव सांभाळू नका, तो नियम सांभाळा.

वर्गाचा प्रश्न आता घेते, कारण तिथे तुमच्यावर दबाव येणार आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या तेराव्या कलमानुसार प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घेऊन निवड करायला मनाई आहे. पहिल्यांदा उल्लंघन झालं तर २५,००० रुपयांपर्यंत आणि नंतर प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. मुलाला वयाला साजेशा वर्गात बसवावं, मागे पडलेलं असेल तर जादा शिकवून बरोबरीला आणावं, हे या कायद्याचं तत्त्वच आहे. आठ वर्षं पूर्ण झालेल्या, दुसरी पूर्ण केलेल्या मुलीची जागा तिसरीत आहे. (अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. तुम्ही फोन केलेली शाळा त्यातली आहे का, ते बघून घ्या.)

पण कायद्याचं कलम तोंडावर फेकून प्रवेश मिळवलेल्या शाळेत मूल सुखाने राहत नाही. आधी साधा अर्ज द्या: ‘मुलीने दुसरी पूर्ण केली आहे, वयानुसार तिसरीत प्रवेश मिळावा. तिची आधीची शाळा वेगळ्या पद्धतीची असल्याने मराठी वाचन-लेखनाची तयारी आम्ही घरी रोज करून घेऊ.’ पोच घ्या. बहुतेक मुख्याध्यापक एवढ्यावर ऐकतात. नाहीच ऐकलं तर शहरात महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीचे प्रशासनाधिकारी आणि हद्दीबाहेर जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षणाधिकारी आहेत. आणि खरं सांगू? जी शाळा आठ वर्षांच्या मुलीला न बघता फोनवरच खालच्या वर्गात ढकलते, तिच्या दारात फार वेळ उभं राहण्यात अर्थ नाही.

एक वर्ग खाली बसवण्याला माझा एवढा विरोध का, तेही सांगते. नववं वर्ष हे मुलांच्या आयुष्यातलं नाजूक वर्ष असतं. आतापर्यंत आईवडील म्हणतील तेच जग होतं, आता ‘मी वेगळी आहे’ हे मुलाला कळायला लागतं. वॉल्डॉर्फच्या तिसरीत शेती, घरबांधणी आणि मापं ठेवली आहेत ती याच कारणाने: आतून हललेल्या मुलाच्या हाताला पक्कं, उपयोगाचं काम मिळावं म्हणून. अशा वर्षी गाव बदलतंय, शाळा बदलतेय, मैत्रिणी सुटताहेत. त्यात ‘तू कच्ची आहेस म्हणून खाली’ हा शिक्का नको. अक्षरं चार-सहा महिन्यांत येतील, तो शिक्का जायला वर्षं लागतील.

हैदराबाद सोडण्याआधी तीन-चार गोष्टी हातात घ्या. शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर इयत्ता अक्षरात स्पष्ट लिहिलेली, आणि शाळेचा यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी नोंदणी क्रमांक) व मुलीचा पेन क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक क्रमांक). दुसऱ्या राज्यातल्या दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी पुष्कळ शाळा मागतात, ती निघण्याआधीच करून आणा, मागाहून हेलपाटे पडतात. वॉल्डॉर्फचं प्रगतिपत्रक वर्णनात्मक असतं, गुणांचा रकाना नसतो, ते इथल्या कारकुनाला कळणार नाही. म्हणून वर्गशिक्षिकेकडून एक पानभर वेगळं पत्र लिहून घ्या: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांतलं काय झालं आहे, पाढे कुठपर्यंत, वाचन कोणत्या पायरीवर. वॉल्डॉर्फमध्ये चारही क्रिया पहिलीपासूनच एकत्र घेतात, त्यामुळे गणितात ती इथल्या मुलांच्या मागे नसेल, असली तर थोडी पुढेच असेल. आणि तिच्या त्या रंगीत वह्या सामानाच्या खोक्यात टाकू नका, जवळच्या पिशवीत ठेवा. नव्या बाईंना तुमच्या शब्दांपेक्षा त्या वह्या जास्त सांगतील.

शाळा कशी निवडायची? मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात चार दिवस काढून या. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा लागतात, तेव्हा चालता वर्ग बघायला मिळत नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून शाळेच्या निकालांची माहिती ऐकण्यात सकाळ घालवू नका. तिसरीच्या वर्गात मागच्या बाकावर अर्धा तास बसू द्या, अशी विनंती करा. एखाद्या मुलाला उत्तर आलं नाही तर बाई काय करतात ते बघा. थांबतात, आठवू देतात, की लगेच ‘कोण सांगेल?’ म्हणून पुढे जातात?

टेबलावर वह्यांचा गठ्ठा असेल, परवानगी घेऊन त्यातल्या मधल्या चार वह्या उघडा. ‘माझा आवडता सण’ या निबंधाचं पहिलं वाक्य चारही वह्यांत तेच असेल, तर तिथे मुलं फळ्यावरून उतरवून घेतात. पण एकीने बेंदराच्या (म्हणजे इकडच्या बैलपोळ्याच्या) मातीच्या बैलाचं शिंग मोडलं म्हणून आपण कसं रडलो ते लिहिलं असेल, दुसऱ्याने मामाच्या म्हशीबद्दल, वाक्यं वेडीवाकडी असतील, आणि बाईंनी पान लाल न करता दोनच चुका दुरुस्त करून खाली ‘मग बैलाचं काय झालं?’ असं विचारलं असेल, तर इमारत जुनी असो, फरश्या उखडलेल्या असोत, त्या बाईंच्या वर्गात तुमच्या मुलीला घाला. वेळापत्रकात कार्यानुभव आणि कलेच्या तासिका असतातच, त्या खरोखर होतात का गणिताला दिल्या जातात, हे बाईंना विचारू नका, मुलांना विचारा. आणि आमच्याकडे शिष्यवृत्ती परीक्षेचं भारी वेड आहे. तिसरीपासूनच जादा तास लावणाऱ्या शाळा तुम्ही टाळाव्यात असं माझं मत आहे, त्यांचा निकाल कितीही लागो.

कोल्हापुरात आलात की सृजन आनंद विद्यालय आवर्जून बघा. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये ही मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा इथे सुरू केली. ती वॉल्डॉर्फ नव्हे आणि तसं म्हणतही नाही. पण स्पर्धा आणि शिक्षा यांच्याशिवाय मूल शिकतं, परिसर हेच पुस्तक होऊ शकतं, आणि शिक्षकाने रोज नव्याने विचार करून वर्गात जायचं असतं, हे लीलाताईंनी या शहराला करून दाखवलं. २०२० मध्ये त्या गेल्या. त्यांच्याकडून शिकलेले आणि त्यांच्यामुळे वेगळा विचार करू लागलेले शिक्षक मात्र या जिल्ह्यात ठिकठिकाणी आहेत, अगदी महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतही. म्हणून सृजन आनंदमध्ये प्रवेश झाला नाही किंवा ताराबाई पार्कातून ते अंतर जमलं नाही, तरी निराश होऊ नका. गावात कुठल्या शाळेत कोणत्या बाई चांगल्या आहेत हे विचारा. शाळेचं नाव सगळे सांगतात, बाईंचं नाव सांगणारा माणूस शोधा.

शोधताना ‘वॉल्डॉर्फ पद्धतीने’ किंवा ‘वॉल्डॉर्फवर आधारित’ अशी पाटी असलेली एखादी बालवाडी तुम्हाला दिसेलही. लाकडी खेळणी, फिकट गुलाबी पडदे आणि मेणाचे रंगखडू दुकानात मिळतात, शिक्षक दुकानात मिळत नाही. तिथे विचारा: बाईंचं प्रशिक्षण कुठे झालं, किती काळाचं? त्या अजून कुणा अनुभवी वॉल्डॉर्फ शिक्षकाच्या संपर्कात आहेत का? मोठ्या गटातल्या मुलांना अक्षरं गिरवायला देता का? शेवटच्या प्रश्नाला ‘पालकांच्या आग्रहामुळे थोडं देतो’ असं उत्तर आलं, तर पाटीवर विसंबू नका. पडताळा हवा असेल तर जर्मनीतली वॉल्डॉर्फ मित्रांची संस्था जगभरच्या शाळांची यादी प्रसिद्ध करते. तुमच्या हैदराबादच्या शिक्षकांनाही विचारा, आपल्या देशात हे वर्तुळ लहान आहे, एकमेकांना सगळे ओळखतात.

वाचनाची काळजी तुम्हाला सगळ्यात जास्त कुरतडते आहे, ते पत्रात कळतं. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी पाचव्या वर्षी वाचायला शिकलेली मुलं आणि स्टायनर शाळांतली सातव्या वर्षी शिकलेली मुलं यांची तुलना केली होती. साधारण अकराव्या वर्षापर्यंत दोघांच्या वाचनातला फरक उरला नव्हता. तेव्हा उशिरा सुरुवात झाली म्हणून कायमचं नुकसान होतं, ही भीती काढून टाका. पण ‘वेळ आली की वाचेल’ या वॉल्डॉर्फच्या भरवशात कधी कधी खरी अडचणही झाकली जाते. मुलीला यमकं जुळवता येतात का, शब्दातला पहिला आवाज वेगळा काढता येतो का, महिनाभर शिकवलेलं अक्षर दुसऱ्या दिवशी पुसून गेल्यासारखं होतं का, हे बघा. डोळे आणि कान एकदा तपासून घ्याच. सहा महिने नियमित सराव होऊनही अक्षरं हाताला लागली नाहीत, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

मराठी अक्षरं तिला तिच्या ओळखीच्या वाटेनेच शिकवा. इंग्रजीतला एस तिच्या बाईंनी सापाच्या वळणातून काढून दाखवला असेल, आधी गोष्ट, मग चित्र, मग चित्रातून अक्षर. तसंच इथे करा. अ-आ-इ पासून सुरुवात करू नका, आपली जुनी ग-म-भ-न ची रीत घ्या. या अक्षरांना उभा दंड सारखा, वळणं जवळची, त्यामुळे हाताला सोपी जातात. पंचगंगेची गोष्ट सांगा, तिला नदी रंगवू द्या, त्या चित्राच्या कडेला ‘न’ येऊ द्या. चारच अक्षरांत मन, नभ, गगन, नमन, मगन एवढे शब्द होतात, म्हणजे पहिल्या आठवड्यातच ‘मी वाचलं’ हा आनंद मिळतो. शिरोरेघ शेवटी, पूर्ण शब्द झाल्यावर, एका हाताने सरळ ओढायची. मुलांना ते फार आवडतं. रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नको. मराठी बहुतांशी जशी बोलतो तशी लिहिली जाते, स्पेलिंगचा जाच नाही. घरात मराठी बोलणारी आठ वर्षांची मुलगी दिवाळीपर्यंत सोपी गोष्ट वाचू लागेल, असा माझा अंदाज आहे. आणि हे टळणारही नाही, कारण २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे.

माध्यमाबद्दल मी सासऱ्यांच्या बाजूची आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं असंच म्हणतं. गोष्ट ऐकून ती रंगवून सांगणारी मुलगी घरच्या भाषेत जास्त खुलेल. फक्त एक विचार करा: मिस्टरांची नोकरी इथे किती वर्षांची धरून चालला आहात? दोन वर्षांत पुन्हा राज्य बदलण्याची शक्यता असेल, तर इंग्रजी माध्यमच ठेवा आणि मराठी घरी पक्की करा.

आता मला ज्यात सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. तुमची मुलगी वॉल्डॉर्फच्या तिसरीत गेली असती तर शेती, घर आणि मापं शिकली असती. त्या वर्षासाठी कोल्हापूरसारखं गाव नाही. जुलैमध्ये राधानगरी किंवा गगनबावड्याकडे भाताची रोपलावण चालते, ओळखीच्या शेतात तिला एक दिवस गुडघाभर चिखलात उतरू द्या. आषाढात बेंदूर येतो, त्याआधी कुंभार गल्लीत मातीच्या बैलांच्या रांगा लागतात. तयार बैल आणण्याआधी तिला तिथे नेऊन थोडी माती मागून घ्या आणि घरी एक बैल तिच्या हातचा होऊ द्या. दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटतात. काहिलीत रस कसा उकळतो, भेंडीच्या चिकट पाण्याने मळी कशी वर येते, ती झाऱ्याने कशी काढतात, पाक आला हे गुळव्या नुसत्या नजरेने कसं ओळखतो, हे तिने जवळ उभं राहून बघावं. मग किलोच्या ढेपेपासून तीस किलोच्या रव्यापर्यंत (गुळाच्या मोठ्या ढेपेला इथे रवा म्हणतात) गूळ वजन होताना बघितला की माप म्हणजे काय हे पुस्तकाविना कळतं. तुमच्या गल्लीत कुठे बांधकाम चालू असेलच, गवंड्याला विचारून ओळंबा एकदा तिच्या हातात द्या.

विणणाऱ्या मुलीला चप्पल शिवणारा कारागीर दाखवलाच पाहिजे. अस्सल कोल्हापुरी चप्पल खिळ्याशिवाय होते. चामड्याचीच बारीक वादी काढून, भोकं पाडून, त्या वादीनेच तळ शिवतात. तिने स्वतः सुई धरलेली आहे, त्यामुळे त्या हातांमध्ये काय कसब आहे हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल. दर आठवड्याला एक ठिकाण करू नका, दमाल सगळे. महिन्याला एक पुरे. तिथून आल्यावर जुन्या शाळेतल्यासारखी एक कोरी वही द्या: दुसऱ्या दिवशी आठवून सांगायचं, मग चित्र, मग चार ओळी मराठीत. ही वही शाळेच्या अभ्यासात मिसळू नका, तिच्यावर बरोबर-चूक करू नका.

सासरे घरात आहेत हे तुमचं भाग्य समजा. वॉल्डॉर्फ शाळा ज्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाच्या शोधात असते तो तुमच्या घरात बसलेला आहे. टीव्हीवरून त्यांच्याशी पहिल्याच आठवड्यात वाद घालू नका. एकट्या माणसाला त्या आवाजाची सोबत झालेली असते. ‘बाबा, संध्याकाळी सात ते आठ तुम्ही पोरांना गोष्ट सांगाल का, मला स्वयंपाकाला मोकळीक मिळेल,’ असं म्हणा. मागितलेलं काम वडीलधारी माणसं आनंदाने करतात, लादलेली बंदी पाळत नाहीत. आठवड्यातून एकदा त्यांनी दोघांना गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर न्यावं, समोर म्हशीची धार काढतात ते दाखवावं. दूध तिथेच न पाजता घरी आणून उकळा, तेवढं मात्र त्यांना आधी सांगून ठेवा.

पुण्याबद्दल थोडक्यात. पुण्या-मुंबईत वॉल्डॉर्फ शाळा आहेत आणि चांगलं काम करतात. पण सव्वादोनशे किलोमीटरवर आठवड्याला एकदा भेटणारे वडील, एकटे पडलेले आजोबा आणि दोन मुलांना एकटीने ओढणारी आई, ही किंमत आठ वर्षांच्या मुलीच्या शाळेसाठी फार आहे. घरी शिकवण्याबद्दल: काही घरांत ते उत्तम चालतं, आणि पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेची परीक्षा किंवा राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म यांमुळे दहावीचा रस्ताही बंद होत नाही. पण नव्या गावात तुमच्या मुलीला सगळ्यात जास्त गरज आहे ती मैत्रिणींची. वर्तुळात उभं राहून सगळ्यांबरोबर गाणारं मूल आहे ते, त्याला एकट्याला टेबलाशी बसवू नका. तुम्हालाही दिवसातले पाच तास स्वतःचे हवेत.

धाकट्याची चिंता तर मुळीच करू नका. पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण लागतात, त्याला अजून पुष्कळ वेळ आहे. घरापासून चालत जाता येईल अशी बालवाडी बघा, जिथे वाळू, पाणी, गाणी आणि मोकळं अंगण आहे आणि गृहपाठ नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला दगड, शंख, पानं, बिया घेऊन जी बालवाडी उभी केली, तिच्याबद्दल तिथल्या बाईंशी बोलून बघा. त्यांचे डोळे चमकले तर दुसरं काही विचारू नका.

मार्चमध्ये याल तेव्हा मुलीला बरोबर आणा, पण शाळा बघायला नेऊ नका. आधी तुम्ही दोघं बघा, निवड दोन शाळांवर आणा, मग त्या दोन तिला दाखवा आणि तिला काय वाटलं ते ऐका. शाळांना आदल्या दिवशी फोन करून जा. शनिवारी सकाळची शाळा असते आणि लवकर सुटते, म्हणून भेटी सोमवार ते शुक्रवारच ठेवा.